पाळी लांबते तेव्हा

बोरी-जिंतूर भागातल्या मायबहिणींनो, पाळी लांबते, हनुवटीवर केस येतात, वजन वाढतं, तेव्हा लेकीला बोल लावू नका. हा पीसीओएस, म्हणजे अंडाशयाशी निगडित संप्रेरकांचा विकार, असू शकतो. यात अनेकींचं शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही. रक्तात इन्सुलिन वाढलं की अंडाशयात पुरुषी संप्रेरकं जास्त तयार होतात आणि बीज वेळेवर सुटत नाही.

महागडी पथ्याची पाकिटं कशाला? आपली ज्वारीची भाकरी, मुगाचं वरण, अंबाडीची भाजी उत्तम. साखरेचा चहा मात्र खरंच कमी करा. आठवड्याला किमान 150 मिनिटं भरभर चाला. सत्तर किलोच्या बाईचं साडेतीन-चार किलो वजन उतरलं, तरी पाळी सुधारू शकते. सडपातळ मुलींनाही हा त्रास होतो. तीन महिने पाळी आली नाही, तर डॉक्टरांना दाखवाच.