मुलींचे आरोग्यशिक्षण : माहितीकडून सवयीकडे



मुलींच्या आरोग्याविषयीची माहिती आज भ्रमणध्वनीवर सहज मिळू शकते. परंतु माहिती हाती येणे आणि सवय अंगी बाणणे यांत मोठे अंतर आहे. रायगडच्या किनाऱ्यावरील गावांनी ते कसे कमी करावे, हा आजच्या विवेचनाचा विषय होय.

१० ते १९ वर्षे वयोगटासाठी राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४ साली सुरू झाला. त्याअंतर्गत २०१७ मध्ये ‘साथिया सलाह’ हे मोबाइल अ‍ॅप आले. विचारण्यास संकोच वाटणाऱ्या प्रश्नांची उत्तरे मुलामुलींना मिळावीत, हा त्याचा हेतू. त्याच वर्षी ‘दीक्षा’ हे शैक्षणिक व्यासपीठही सुरू झाले.

साधने आहेत, परंतु ती मुलींच्या हाती कितपत पोहोचतात? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील १५ ते १९ वर्षांच्या ५९.१ टक्के मुलींना रक्तक्षय होता. ग्रामीण भागात इंटरनेट कधी तरी वापरलेल्या स्त्रिया २४.६ टक्के, तर पुरुष ४८.७ टक्के होते. घरात फोन एकच असला, तर तो बहुधा वडिलांबरोबर होडीवर वा भावाबरोबर कामावर जातो.

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ या किनाऱ्यावर धडकले. करोनामुळे शाळा बंद होत्या व शिक्षणाची भिस्त फोनवर येऊ लागली होती. श्रीवर्धन, मुरूड, अलिबाग परिसरात वीज गेली, फोनही बंद पडले. केवळ पडद्यावर विसंबून चालत नाही, याचा तो धडा होता.

म्हणून शाळेने आठवड्यातून एक तास मुलींसाठी राखून ठेवावा. निवडक चित्रफीत सर्वांनी एकत्र पाहावी आणि शिक्षिका किंवा आशा कार्यकर्तीने शंकांचे निरसन करावे. लगेच कृती व्हावी : साबणाने हात धुणे, लोहाची साप्ताहिक गोळी जेवणानंतर घेणे, रोज तासभर खेळणे. आहाराचे उदाहरण घरचेच असावे. नाचणी, कुळीथ, शेवग्याचा पाला, जवळा हे पदार्थ किनाऱ्यावरील स्वयंपाकघरांना परके नाहीत. जोडीला लिंबू वा आवळा असल्यास लोह अधिक शोषले जाते. जेवणाबरोबरचा चहा मात्र त्यात अडथळा आणतो.

सुरक्षिततेचाही पाठ हवा. अनोळखी व्यक्तीला छायाचित्र वा पत्ता देऊ नये. त्रास झाल्यास विश्वासातील वडीलधाऱ्यांना सांगावे. बालकांसाठी १०९८ आणि सायबर फसवणुकीसाठी १९३० हे मदत क्रमांक शाळेच्या फलकावर ठळकपणे लिहावेत.

उरलेले काम पंचायतीचे आहे. मासिक पाळीतील स्वच्छतेचा धडा पाहून आलेल्या मुलीला शाळेच्या स्वच्छतागृहात पाणी, दाराला कडी व वापरलेल्या पॅडच्या विल्हेवाटीची सोय मिळाली नाही, तर तो धडा वाया जातो. या तीन गोष्टींची पाहणी करून तिचा अहवाल मासिक सभेपुढे ठेवावा व उणीव दूर होईपर्यंत हा विषय कार्यसूचीवर राहावा.