ग्वाल्हेरात हीटर कशाला?

(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



मी भाषण करणारा माणूस नाही. मेकॅनिकलचा डिप्लोमा आणि सरकारी नोकरी, एवढीच माझी ओळख. पण आमची जुनी मॉरिस मायनर पुन्हा रस्त्यावर आल्यापासून सगळे एकच विचारतात, "मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो, त्या ग्वाल्हेरात हीटर कशाला बसवलास?" त्याचं उत्तर आज देतो.

गाडी १९५४ ची, ८०३ सीसी इंजिनाची. त्या काळी या गाडीला हीटर हवा असेल तर वेगळे पैसे मोजावे लागत. आमच्या गाडीला तो होता. पण एका उन्हाळ्यात तो गळू लागला. बाबांनी तो काढून माळ्यावर टाकला आणि इंजिनाकडचा कॉक बंद करून घेतला. तेव्हा तेही म्हणाले होते, "ग्वाल्हेरात हीटर कशाला?"

मी शाळेत होतो. जानेवारीच्या एका रात्री आजीला धाप लागली. बाहेर दाट धुकं, आपल्या इथल्या बोलीत कोहरा. गाडीत आम्ही चौघं. आमच्या श्वासानेच काच आतून धुरकट होई. आई फडक्याने पुसत होती, बाबा खिडकीतून डोकं बाहेर काढून चालवत होते. एरवी दहा मिनिटांच्या वाटेला पाऊण तास लागला. आजी बरी होऊन घरी आली. पण त्यानंतर बाबांनी थंडीत रात्री गाडी कधीच काढली नाही.

हीटर म्हणजे नुसती पायांना ऊब नव्हे. इंजिनातलं गरम पाणी एका छोट्या रेडिएटरमधून फिरतं, पंखा त्यातून हवा ढकलतो आणि ती हवा दोन नळ्यांतून समोरच्या काचेवर येते. काच स्वच्छ ठेवणं हे त्याचं मोठं काम.

गाडी पूर्ववत करताना मी माळ्यावरचा हीटर खाली काढला. रेडिएटरवाल्याकडून साफ करून, डाग देऊन घेतला. बादलीत बुडवून सायकलच्या पंपाने हळूच हवा भरली. बुडबुडे आले नाहीत तेव्हाच बसवला. होज पाइप आणि क्लिपा सगळ्या नव्या घातल्या.

तरी दोनदा फसलो. पंख्याची जुनी मोटर जळाली होती, म्हणून नवी लावली, तर पंखा उलटा फिरू लागला. या गाडीत बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असतं, हे डिप्लोमावाला विसरला! वायरी बदलल्या. मग वारा आला, पण कोमट. उकललं ते असं, की गाडी तापू नये म्हणून कुणीतरी थर्मोस्टॅट काढून टाकला होता. तो नसेल तर थंडीत पाणी पुरेसं गरमच होत नाही. नवा थर्मोस्टॅट घातला, हीटरचा कॉक उघडा ठेवून पाणी भरलं, अडकलेली हवा काढली आणि काम झालं. उन्हाळ्यात तो कॉक बंद करायचा, एवढंच.

गेल्या जानेवारीत, धुक्याच्या एका पहाटे, बाबांना शेजारी बसवून निघालो. आधी काच धुरकटली. इंजिन तापल्यावर पंखा सुरू केला, खिडकी बोटभर उघडली. काच खालून हळूहळू स्वच्छ होत वर गेली. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग मांडीवरचं फडकं उचलून मागच्या सीटवर टाकलं आणि म्हणाले, "तेव्हाच दुरुस्त करून घ्यायला हवा होता रे."

म्हणून मंडळी, जुन्या गाडीतला एखादा भाग निरुपयोगी वाटला, तर काढण्याआधी तो तिथे का बसवला होता, एवढं विचारा. आणि काढलाच, तर भंगारात देऊ नका. माळ्यावर ठेवा.

गणपती बाप्पा मोरया!