चार्जर लावलाय, पण आकडा खालीच
चार्जर जोडलाय आणि तरी बॅटरीचा आकडा घसरतोय, अशी तक्रार घेऊन कुणी आलं की मी आधी सांगतो, उरल्या चार्जमध्ये तुमचं काम पेनड्राइव्हवर उतरवून घ्या. शोध नंतर.

शेजारच्या मुलीला दुसऱ्या दिवशी प्रबंध द्यायचा होता आणि लॅपटॉपवर उरले होते १२ टक्के. प्रबंध उतरवला. मग भिंतीच्या सॉकेटला टेबललॅम्प लावला, पेटला. म्हणजे वीज होती. अॅडॉप्टरवरची बारीक अक्षरं वाचली: ४५ वॅट. लॅपटॉपला हवे होते ६५. घाईत भावाचा चार्जर उचललेला! पिन बसली म्हणजे चार्जर पुरेलच असं नाही. तो कमी ताकदीचा असला तर येणारी वीज चालू लॅपटॉपच खातो, बॅटरीला काही उरत नाही.

आकडा ८० वर थांबत असेल तर बहुधा बिघाड नसतो. बॅटरी जास्त टिकावी म्हणून हल्ली पुष्कळ लॅपटॉपांत तशी सोय असते.

मात्र टचपॅड वर उचललेला दिसला, तळ फुगला, तर चार्जर ताबडतोब काढा, लॅपटॉप बंद करा. दाबू नका, टोचू नका. लिथियम-आयन बॅटरी पेट घेऊ शकते. ती दुरुस्तीवाल्यानेच बदलायची.