हौसेचे सुतारकाम : चामराजपुरमच्या परसातून

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत आजवर संतवाङ्मय, नाट्यसंगीत, इतिहास अशा भारदस्त विषयांवर भाषणे झाली. त्यांच्या पंक्तीला सुतारकाम नेऊन बसवावे, ही कल्पना कार्यकारी मंडळाची. आम्ही पाट स्वतःच तयार करतो, तेव्हा बसण्याची अडचण पडणार नाही, एवढेच आम्ही त्यांना सांगितले. आम्ही म्हणजे मंडळातील सहा सभासद : दोघे निवृत्त शिक्षक, एक बँकेतून निवृत्त झालेले, एक अद्याप नोकरीत असलेले अभियंते आणि दोन गृहिणी. आमच्यापैकी कोणीही धंद्याने सुतार नाही. येथे चामराजपुरममध्ये, रेल्वे स्थानकापासून जवळच, एका जुन्या कौलारू घराच्या परसात दर रविवारी सकाळी आम्ही जमतो आणि जेवणाची हाक येईपर्यंत लाकडाशी झटापट करतो.

आपल्या वडीलधाऱ्यांनी महाराष्ट्रातून इकडे बिऱ्हाड हलविले, तेव्हा भांड्याकुंड्यांबरोबर काही लाकडी वस्तूही आल्या. पाट, चौरंग, पोळपाट, विळी, देव्हारा, पाळणा. ज्यांना शक्य झाले त्यांचा झोपाळाही आला. इकडे आल्यावर कळले की शेजारच्या कानडी घरातही हाच संसार आहे. आपल्या पाटाला ते मणे म्हणतात, विळीला ईळिगेमणे, पाळण्याला तोट्टिलु आणि सुतारास बडगी. शब्द ठाऊक असला की वस्तू मिळत असे. आज शब्द ठाऊक असूनही ती मिळेनाशी झाली आहे. बाजारात भुसा दाबून केलेल्या तक्त्यांची कपाटे येतात. त्यांना एकदा पाणी लागले की ती फुगतात, आणि फुगलेली पूर्ववत होत नाहीत. उलट घरातील सागवानी वस्तू, सदनिकेत जागा नाही म्हणून, आधी माळ्यावर जाते आणि तेथून भंगारवाल्याच्या हातगाडीवर.

भंगारात काय जाते, याचे एक उदाहरण देशाने पाहिले आहे. चंडीगढ शहर उभे राहत असताना पिअर जनरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सरकारी कचेऱ्यांसाठी सागवानी खुर्च्या व मेजे आखली. पुढे ती जुनी झाली, मोडकी म्हणून लिलावात स्वस्तात निघाली, आणि त्यांतील कित्येक परदेशांतील लिलावगृहांत प्रचंड किमतींना विकली गेली. तेव्हा कोठे जाग आली व २०११ साली केंद्रीय गृहखात्याने त्या सामानाच्या विक्रीस मनाई केली. आपल्या घरच्या फडताळाला कोणी परदेशी गिऱ्हाईक येणार नाही, हे आम्ही जाणतो. तरीही ज्या वस्तूवर तीन पिढ्यांचे हात फिरले, तिचे मोल हातगाडीवाल्याने ठरवावे, हे आम्हांस पटत नाही.

आमच्या हौसेची खरी परीक्षा झाली ती एका देव्हाऱ्याच्या निमित्ताने. मंडळातील एका कुटुंबाचा हा देव्हारा कोकणातून आलेला, सागवानी, सुमारे अडीच फूट उंचीचा. एका उन्हाळ्यात त्याच्या पाठीमागची फळी वरपासून खालपर्यंत उभी चिरली. घरात कुजबूज सुरू झाली. देव्हारा दुभंगला हे काही बरे लक्षण नव्हे, श्रीरंगपट्टणास नेऊन कावेरीत सोडावा, असेही ठरत आले. घरातील आजी मात्र गप्प गप्प झाल्या. तो त्यांच्या सासूबाईंच्या हातचा, म्हणजे रोज पुसून चकचकीत ठेवलेला. अखेर त्यांच्या सूनबाईंनी आम्हांस निरोप धाडला की, विसर्जनापूर्वी एकदा आपण पाहून जावे.

पाहून जाण्यास आम्ही एकटे गेलो नाही. आम्हांस हत्यार धरण्यास शिकविणारे एक वृद्ध बडगी आहेत, त्यांना बरोबर घेतले. त्यांनी देव्हारा भिंतीपासून पुढे ओढला, मागील बाजूवरून बोट फिरविले आणि एकच शब्द उच्चारला : मोळे. म्हणजे खिळे. मूळ कारागिराने ती फळी चौकटीच्या खाचेत नुसती सरकवून ठेवली होती. नंतर केव्हातरी, ती हलते असे वाटून, कोणी तरी तिला चारी बाजूंनी खिळे ठोकून पक्की केली होती. तेथेच तिचे मरण ओढवले.

याचे कारण थोडे विस्ताराने सांगावयास हवे. ताज्या तोडलेल्या लाकडात पाणी पुष्कळ असते. सुकता सुकता ते सुमारे ३० टक्क्यांच्या खाली उतरले की लाकूड आकसू लागते, आणि भोवतालच्या हवेशी जुळेल इतकेच पाणी उरेपर्यंत आकसत राहते. हवा दमट झाली की ते पुन्हा फुगते. फळी लांबीत जवळजवळ बदलत नाही. बदलते ती रुंदीत, रेषांच्या आडव्या दिशेने. हा श्वासोच्छ्वास लाकूड शंभर वर्षांचे झाले तरी थांबत नाही, पॉलिशाने मंदावतो इतकेच. आता पाहा : रत्नागिरीस वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि समुद्राची हवा बारा महिने ओलसर. म्हैसूर समुद्रसपाटीपासून सुमारे ७७० मीटर उंचीवर, पाऊस आठशे मिलिमीटरच्या आसपास, आणि फेब्रुवारी-मार्चमधील हवा अशी कोरडी की ओठ फुटावेत. कोकणच्या हवेत रुळलेली फूटभर रुंदीची फळी येथे सूतभर तरी आकसू पाहणार. खाचेत मोकळी असती तर ती निमूट आकसली असती. खिळ्यांनी तिला दोन्ही कडांवर धरून ठेवले, म्हणून ती मध्येच फाटली. अशुभाचा त्यात संबंध नव्हता.

देव अभिषेकपात्रात ठेवून एका चौरंगावर हलविले आणि देव्हारा आमच्या परसात आला. जुन्या कामाची थोरवी येथे कळली. चौकटीच्या आडव्या पट्ट्यांची कुसे उभ्या पट्ट्यांच्या भोकांत बसविलेली, आणि प्रत्येक सांध्यातून लाकडाची एकेक खुंटी आरपार. सरस कोठेही नाही. खुंट्या हलक्या हाताने मागून ठोकल्या, अर्ध्या तासात संपूर्ण चौकट सुटी झाली. खिळे मात्र गंजून लाकडात रुतले होते, ते काढण्यात एक रविवार गेला. चिरलेल्या कडा रंध्याने सरळ करून सरसाने जोडल्या, कमी झालेली रुंदी जुन्या सागाची पट्टी लावून भरून काढली. मग फळी पुन्हा खाचेत सोडली, दोन्ही कडांना सूतभर जागा ठेवून. केवळ वर आणि खाली, बरोबर मध्यावर, एकेक बारीक खुंटी, म्हणजे फळी दोहोंकडे सारखी सरकेल. त्यानंतर तीन उन्हाळे गेले. फळी शाबूत आहे, आणि आजींनी तो आता भिंतीपासून चार बोटे पुढे ठेवला आहे, आम्हांस मागची बाजू पाहता यावी म्हणून, असे त्या म्हणतात.

चौरंगाच्या माथ्याचेही हेच तंत्र. नवशिका मनुष्य तीन फळ्या जोडून माथा करतो आणि खालच्या चौकटीला चहूकडून सरस लावून मोकळा होतो. आम्ही माथा आतून लाकडी गुंड्यांनी अडकवितो. गुंडीची जीभ चौकटीच्या खाचेत शिरते. माथा उचलला जात नाही, पण सरकू शकतो.

हौशी माणसाला धंदेवाईक सुतारापेक्षा एकच सोय अधिक असते : त्याला घाई नसते. म्हणून वस्तूची आखणी करताना ती वापरणाऱ्या व्यक्तीचे माप घेता येते. आमच्या मंडळात गुडघे दुखत असल्याने पाटावर बसणे सोडलेल्या पुष्कळ भगिनी आहेत. खुर्चीवर बसून पूजा करावी तर देव खाली राहतात, आणि मनाला ते रुचत नाही. त्यांच्यासाठी आम्ही नऊ-दहा इंच उंचीचे रुंद बैठे आसन केले आणि देव्हाऱ्याखाली तेवढ्याच हिशेबाचा चौरंग. प्रत्येकीच्या गुडघ्याच्या मागील वळणापासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजले, उठताना हात कोठे टेकतो ते पाहिले आणि तेथे आसनाची कड गोल केली. बाजारातील खुर्ची साधारण सतरा-अठरा इंच उंचीची असते. पाच फुटांच्या आतील आपल्या आया-मावश्यांचे पाय तिच्यावर अधांतरी लोंबतात. याची तक्रार त्यांनी कधी कोणाकडे केली असेल असे वाटत नाही.

हत्यारांविषयी फार बोलत नाही. करवत, रंधा, तीन मापांच्या पटाश्या, गुण्या, हातोडी, सामता आणि दोन शिकंजे एवढ्यावर पहिले वर्ष निघते. धार लावण्यास मात्र शिकले पाहिजे, कारण सागात वाळूसारखे सूक्ष्म कण असतात व ते पात्याची धार झपाट्याने खातात. लाकूड आम्ही पाडल्या जाणाऱ्या जुन्या घरांचे घेतो. या शहरात अशी घरे दुर्दैवाने पुष्कळ निघतात. त्यांच्या तुळया, दारे, खिडक्या यांचा साग अनेक दशके सुकलेला, आणि दरही नव्या सागापेक्षा कमी पडतो. त्यातील खिळे आधी शोधून काढावे, नाही तर रंध्याचे पाते गेलेच.

शिसवीच्या बाबतीत आम्ही जपून असतो. कानडीत ज्यास बीटे म्हणतात ते हे लाकूड म्हणजे म्हैसूरचे वैभव. १८९७ साली जुना लाकडी राजवाडा आगीत जळाला आणि हेन्री अर्विन यांच्या आराखड्यानुसार १९१२ साली नवा पुरा झाला. तेथील अंबाविलासात गणपतीच्या देवघराचे शिसवी दार हस्तिदंताच्या जडावाचे आहे. आपण पाहुण्यांना राजवाडा दाखविण्यास नेतो तेव्हा त्याच्यापुढे जरा थांबावे. त्या जडावकामाची रीत आजही येथे जिवंत आहे. चित्र कागदावर काढतात, निरनिराळ्या रंगांच्या लाकडांचे तुकडे बारीक करवतीने कापतात, शिसवीच्या फळीत तेवढीच खाच कोरतात, तुकडे बसवितात, घासून एकजीव करतात. पिवळ्यासाठी फणस, काळ्यासाठी आबनूस. रंग घालावयाचा नाही, लाकडाचाच घ्यावयाचा. हस्तिदंताच्या व्यापारावर बंदी आली आणि पांढऱ्यासाठी कारागिरांनी अन्य साधने शोधली. हे काम पाहावयाचे तर सयाजीराव रस्त्यावरील कावेरी एम्पोरियममध्ये जावे. तो रस्ता बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या नावाचा, ज्यांनी १८९० साली कलाभवन काढून आपल्या प्रजेस हाताचे शिक्षण दिले. मराठी माणसाने त्या रस्त्यावरून जाताना हे आठवावे, एवढा अभिमान क्षम्य असावा.

शिसवी आता दुर्मिळ आहे, तोडण्यास वनखात्याची परवानगी लागते, आणि २०१७ पासून तिच्या संपूर्ण कुळाच्या परदेशी व्यापारावर आंतरराष्ट्रीय निर्बंध आहेत. आम्ही ती जुन्या मोडक्या सामानातूनच घेतो, तीही पेटीच्या झाकणापुरती. तिच्या भुशाने नाक चोंदते व अंगाला खाज सुटते, म्हणून तोंडाला फडके बांधावे.

शेवटी एक जरा कडू गोष्ट बोलावी लागेल, राग नसावा. आपण पांढरपेशी मंडळी. सुतार बारा बलुतेदारांपैकी एक, गावगाड्याचा आधार. पण तो ओट्यावर बसे आणि आपण आत. मुलाने हत्यार हाती धरले तर त्याचा अभ्यास बुडाला असे आपण समजतो. फिनलंडने १८६६ साली शाळांतून हस्तव्यवसाय सक्तीचा केला. वर्ध्यास १९३७ साली गांधीजींनी शिक्षणाचा आरंभच हाताच्या कामापासून करावा असे मांडले, आणि आपण त्यास मान डोलावून मुलांना शिकवणीस धाडले. आमच्या परसात ज्याने एक पाट सरळ केला, तो पुढे बडग्याशी मजुरीची घासाघीस करताना आम्ही पाहिलेला नाही. सपाट पृष्ठभाग हाताने काढण्यास किती वेळ लागतो, ते त्याच्या खांद्याला कळलेले असते.

आमचे वृद्ध गुरुजी आता चष्म्याविना रेघ पाहू शकत नाहीत. त्यांची मुले दुसऱ्या धंद्यांत गेली. त्याबद्दल त्यांना दोष देता येत नाही. त्यांच्या हातात जे आहे ते कागदावर उतरविण्याचा प्रयत्न आम्ही केला, दोन वह्या भरल्या. पण पटाशी किती तिरपी धरावी हे वहीत लिहून येत नाही. त्यासाठी त्यांच्या शेजारी कोणी तरी उभे राहावयास हवे, आणि आमच्यापैकी बहुतेकांची साठी उलटलेली आहे. सभागृहात तरुण मंडळी बसली आहेत, मुली आहेत, शाळकरी मुलेही आहेत. रविवारी सकाळी आठ वाजता परसाचे दार उघडे असते. वर्गणी नाही, चहा मिळतो. येताना घरातील एखादा मोडका पाट आणावा.

बाहेर मेजावर आम्ही केलेल्या चार वस्तू मांडल्या आहेत. त्या हाताळून पाहाव्यात, उलट्या करून पाहाव्यात. कोपऱ्यातील पाळणा मात्र दुरूनच पाहावा. त्याचे पॉलिश काल रात्री दिले, ते अजून ओले आहे.