हान्स बेट

ग्रीनलंड आणि कॅनडाचे एल्समिअर बेट यांच्यामधील नेअर्स सामुद्रधुनीत, उत्तर ध्रुवापासून जेमतेम हजार किलोमीटरांवर, हान्स बेट नावाचा चुनखडकाचा उघडाबोडका उंचवटा आहे. त्याचे क्षेत्रफळ अवघे १.३ चौरस किलोमीटर असून दोन्ही किनारे त्याच्यापासून साधारण १८ किलोमीटर दूर आहेत. तेथे वस्ती नाही. उत्तरेच्या लिंकन समुद्रातून अनेक उन्हाळे न वितळता टिकलेले, म्हणूनच अतिशय जाड व कठीण झालेले बर्फाचे विस्तीर्ण तराफे प्रवाहाबरोबर खाली येतात आणि या खडकावर आदळून फुटतात. तो आघात किती जबर असतो, हे १९८०च्या दशकाच्या आरंभी अभियंत्यांनी बेटावर मुक्काम करून मोजले होते.

आर्क्टिक प्रदेशाचे मूळ रहिवासी असलेले इनुइट लोक मूत्रपिंडासारख्या आकारावरून या बेटाला टार्टुपालुक म्हणतात. नकाशावरील नाव मात्र हान्स हेंड्रिक या ग्रीनलंडच्या शिकाऱ्याचे आहे. एलिशा केन यांच्या अमेरिकी मोहिमेत तो १८५३ मध्ये ऐन तारुण्यात सामील झाला आणि पुढल्याच जूनमध्ये विल्यम मॉर्टन यांच्यासह कुत्र्यांच्या गाडीने या सामुद्रधुनीच्या काठापर्यंत पोहोचला. जवळच्या दोन बेटांना फ्रँकलिन आणि क्रोझिअर या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्यांची नावे आहेत, पण त्या दोघांनी हा किनारा कधी पाहिलाच नव्हता. हान्सचे नाव मात्र त्याने स्वतःच्या कष्टाने मिळवलेले आहे. १८७२ च्या ऑक्टोबरात ‘पोलारिस’ जहाजापासून तुटलेल्या हिमतराफ्यावर १९ माणसे अडकली, त्यांत हान्स, त्याची पत्नी आणि चार मुले होती, धाकटे तर केवळ दोन महिन्यांचे. सहा महिन्यांहून अधिक काळ तो तराफा दक्षिणेकडे वाहत राहिला, आणि हान्स व एबिअरबिंग या दोन इनुइट शिकाऱ्यांनी मारलेल्या सीलांमुळेच सर्वजण जिवंत राहिले. हान्सने आपल्या आठवणी मातृभाषेत लिहून ठेवल्या आहेत.

कॅनडा आणि ग्रीनलंड ज्याच्या राज्याचा भाग आहे तो डेन्मार्क यांनी १९७३ मध्ये सागरी सीमा आखली, तेव्हा बेटावर दोघांचाही दावा असल्याने ती रेषा दक्षिण टोकाशी थांबवून ८७५ मीटरांनंतर उत्तर टोकापासून पुन्हा सुरू करण्यात आली. ही पोकळी १४ जून २०२२ च्या कराराने भरून निघाली. आता सीमा बेटावरील एका नैसर्गिक घळीतून जाते आणि दोन्ही बाजूंच्या इनुइटांना शिकारीसाठी तेथे पूर्वीप्रमाणे ये-जा करता येते.