घरची भाषा आणि शाळेतली दुसरी भाषा

श्रोतेहो, पहिली भाषा, दुसरी भाषा असे आपण शाळेत सहज म्हणतो. पण हा क्रम वेळापत्रकातला झाला. मुलाच्या जिभेवरचा क्रम पुष्कळदा निराळाच असतो.

आपल्या ठाणे जिल्ह्याचेच घ्या. मुरबाड-शहापूरकडच्या वाडीवरचे कातकरी मूल घरी आपल्या बोलीत बोलते. पुस्तकातली मराठी ही त्याची दुसरीच भाषा. कल्याणला लागून उल्हासनगर. फाळणीनंतर तिथल्या लष्करी छावणीत सिंधी कुटुंबे येऊन राहिली; त्यांच्या घरची भाषा सिंधी. आणि डोंबिवलीत तर कितीतरी घरे अशी, की आईबाप मराठी, मूल मात्र इंग्रजी शाळेत. म्हणजे घरातली पहिली भाषा शाळेत दुसरी होऊन बसते!

मराठी शाळांत इंग्रजी पूर्वी पाचवीपासून असे. 2000 सालापासून ती पहिलीतच आली. 2020 च्या कायद्याने इतर माध्यमांच्या शाळांतही मराठी सक्तीची झाली. पुढे 16 एप्रिल 2025 रोजी पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा करण्याचा शासननिर्णय निघाला. त्यावर मोठा वाद झाला आणि 29 जूनला तो मागे घेण्याचे जाहीर झाले.

मग लहान मुलाला भाषा झेपतात तरी किती? ऐकण्या-बोलण्यापुरत्या दोन-तीनही झेपतात. चाळीच्या अंगणात खेळता खेळता मुले शेजारच्यांची भाषा उचलतात, त्यांना कोणी शिकवावे लागत नाही. वाचणे-लिहिणे मात्र निराळे. एक लिपी हाताखालून गेली नाही तोच दुसरी पुढे आली, तर दोन्ही कच्च्या राहतात. लिपी एक असली तरी घोटाळा टळतोच असे नाही. हिंदीत ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण. आपल्याकडे शिक्षा म्हटले की मूल हात मागे घेते! हिंदी घरातल्या मुलाला ‘चहा’ आणि ‘चूल’ यांतले दोन ‘च’ डोळ्यांनी सारखेच दिसतात. ते त्याला कानांनीच शिकावे लागतात.

तेव्हा शिक्षक बंधुभगिनींनो, दुसऱ्या भाषेचे पहिले काही महिने तोंडीच जाऊ द्या. गोष्ट सांगा, गाणे म्हणा, वस्तू हातात देऊन नाव विचारा. मूल घरचा शब्द बोलले तर हसू नका, वर्गाला हसू देऊ नका. तो शब्द फळ्यावर लिहा आणि शेजारी पुस्तकातला लिहा. एकदा हसे झाले की मूल तोंड मिटते, मग हजेरी असून शाळा सुटल्यासारखीच. गप्प मुलाला आपण मंद समजतो. पुष्कळदा त्याला प्रश्नच कळलेला नसतो.

आणि पालकहो, मूल कोणत्याही माध्यमात असो, रात्री जेवताना त्याच्याशी घरच्या भाषेत बोला. त्याला फी पडत नाही.