किती शिट्ट्या?

वसतिगृहातली मुलगी आईला फोनवर सहज विचारते, ‘डाळीला किती शिट्ट्या?’ आई सांगते, ‘चार.’ मला हे उत्तर पटत नाही. शिट्टी हे काही माप नव्हे. गॅस मोठा असला की शिट्ट्या भराभर होतात, बारीक केला की रेंगाळतात. कुकरमध्ये पाणी सुमारे १२० अंश सेल्सिअसला उकळते. डाळ शिजते ती त्या उष्णतेने, आवाजाने नव्हे. म्हणून पहिल्या शिट्टीनंतर गॅस बारीक करून मिनिटे मोजावीत. गॅसही वाचतो. (शेजारच्यांच्या शिट्ट्या मोजणाऱ्या आजींची मात्र पंचाईत!)

खरा घोटाळा शब्दाचा आहे. आवाज तीही शिट्टी आणि झाकणावरचे वजन तीही शिट्टीच. ‘अजून एक शिट्टी काढ’ ऐकून नवख्याने वाफ कोंडलेली असतानाच वजन उचलले, तर हात भाजलाच म्हणून समजा. डाळीला फेस येतो, तो वाफेच्या भोकात अडकू शकतो. म्हणून डाळ-पाणी मिळून कुकर निम्म्याहून अधिक भरू नये. ‘कुकर पडला की उघड’ हेही आपल्याला कळते, तिला कळेलच असे नाही. तिला सांगा, वाफ आपोआप जिरू दे, मगच झाकणाला हात लाव. मीठ काय, नंतरही घालता येते.